एक्कावन्न टक्के कुणाचे?

गोष्ट सुरू होते मेसच्या रांगेत. गेल्या सेमला ताट हातात घेऊन उभा होतो, तेवढ्यात रूममेटने नेहमीच्या मोकळेपणाने विचारलं, "काय रे, तुझ्या पप्पांना आता सरकारी टेंडरं पण सर्टिफिकेटवर मिळणार म्हणे? मजा आहे लेका तुमची!" मागे पन्नास भुकेली पोरं होती, म्हणून मी नुसता हसलो. पण खरं सांगायचं तर मला उत्तरच माहीत नव्हतं.

त्याच शनिवारी घरी गेलो. पप्पांचा एमआयडीसीत भाड्याचा गाळा आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, दोन कामगार आणि मोठ्या कारखान्यांचं जॉबवर्क. एका ठेकेदाराने त्यांच्यासमोर प्रस्ताव ठेवला होता. नवीन भागीदारी फर्म काढू, कागदावर 51 टक्के तुमचे, पैसा आणि माणसं आमची, तुम्ही फक्त सह्या करा, दर महिन्याला ठरलेली रक्कम घरपोच. पप्पा म्हणाले, "तू इंजिनियर होतोयस ना, मग हे वाचून सांग. शुक्रवारी सही करायची आहे." मग काय, थर्मोडायनॅमिक्स बाजूला ठेवलं आणि नियम वाचायला बसलो. जे समजलं ते इथे मांडतो, कारण आपल्या हॉस्टेलमध्ये गाळेवाल्यांची, टेलरांची, वेल्डरांची पोरं काही कमी नाहीत.

मूळ आहे 2006 चा एमएसएमई कायदा. त्याच्या आधारे केंद्र सरकारने 2012 मध्ये सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला. केंद्राची खाती आणि सार्वजनिक कंपन्या वर्षभरात जी खरेदी करतात, तिच्यातला 20 टक्के भाग छोट्या उद्योगांकडून घ्यायचा, आणि एकूण खरेदीच्या 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. 2018 मध्ये दुरुस्ती होऊन 20 चे 25 टक्के झाले आणि त्यात महिला उद्योजकांसाठी 3 टक्के आले.

आता 'सर्टिफिकेट' म्हणजे काय? मुख्य कागद दोन. पहिला उद्यम नोंदणीचा. ही नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे आणि ती पूर्ण मोफत आहे. (एजंट हजार-दोन हजार मागतात, देऊ नका!) 1 एप्रिल 2025 पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि 10 कोटींपर्यंत उलाढाल असेल तर उद्योग 'सूक्ष्म' समजला जातो. म्हणजे आमचा गाळा त्यात आरामात बसतो. दुसरा कागद मालकाच्या जातीचा दाखला. एकट्याची मालकी असेल तर तो माणूस अनुसूचित जाती किंवा जमातीचा हवा. भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर किमान 51 टक्के हिस्सा अशा व्यक्तींचा हवा. ठेकेदाराच्या प्रस्तावातला 51 चा आकडा कुठून आला, ते इथे मला कळलं.

या कागदांनी मिळतं काय, हे आकड्यांतच बघू. समजा एका सरकारी कंपनीला पंपाचे 1000 शाफ्ट हवेत. सगळ्यात कमी दर, ज्याला टेंडरच्या भाषेत एल-वन म्हणतात, एका मोठ्या कंपनीचा आला, नगाला 4000 रुपये. पप्पांनी भरला 4500. एरवी पप्पा तिथेच बाद. पण धोरण सांगतं की एल-वन मोठ्या उद्योगाचा असेल आणि छोट्या उद्योगाचा दर त्याच्या 15 टक्क्यांच्या आत असेल, म्हणजे इथे 4600 पर्यंत, तर त्या छोट्याला विचारायचं की, बाबा रे, 4000 मध्ये देतोस का? 'हो' म्हटलं तर 25 टक्क्यांपर्यंत म्हणजे 250 शाफ्टचं काम त्याला देता येतं. असे पात्र छोटे उद्योग अनेक असतील तर ते काम त्यांच्यात वाटलं जातं.

नीट बघा, सरकारने एक पैसाही जास्त मोजलेला नाही. पप्पांनाही 4000 मध्येच काम करून द्यायचं आहे, त्याच मापात आणि त्याच टॉलरन्समध्ये. मायक्रोमीटर जात विचारत नाही. आधीच्या अनुभवाची आणि उलाढालीची अट सैल करता येते, पण दर्जा आणि तांत्रिक निकष सांभाळूनच.

खरा दिलासा मिळतो तो बयाणा रकमेत. टेंडर भरताना साधारण 2 ते 5 टक्के रक्कम अडकवून ठेवावी लागते. चाळीस लाखांच्या टेंडरला 2 टक्के धरले तरी 80 हजार झाले. एवढ्यात आमच्या दोन्ही कामगारांचे पगार होतात. छोट्या उद्योगांना ही रक्कम माफ आहे आणि टेंडरचे कागदही फुकट. शिवाय 358 वस्तू फक्त छोट्या उद्योगांकडूनच घ्यायच्या, अशी यादी आहे. त्यात लोखंडी खाट, कपाट आणि खुर्चीसुद्धा आहे!

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हे धोरण स्वतः बनवलेल्या मालासाठी आणि सेवांसाठी आहे, नुसत्या व्यापाऱ्याला ते लागू नाही. बांधकामाच्या ठेक्यांनाही नाही, त्यामुळे सिव्हिलवाल्यांनी लगेच खूष होऊ नये. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योग पुढे आले नाहीत तर त्यांचे 4 टक्के इतर छोट्या उद्योगांकडून भरून काढता येतात. प्रत्यक्षात या उद्योजकांकडून झालेली खरेदी 4 टक्क्यांच्या बरीच खाली राहत आली आहे. ही वाट सोपी करण्यासाठी 2016 मध्ये राष्ट्रीय एससी-एसटी हब सुरू झालं. बिल 45 दिवसांत मिळालं पाहिजे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असंही कायदा सांगतो. पण ते व्याज मागायला मालक स्वतः जागा हवा.

आणि इथेच तो 51 टक्क्यांचा प्रश्न येतो. अमेरिकेत अशीच एक योजना आहे, 'एट-ए' नावाची. तिथेही 51 टक्क्यांची अट, पण सोबत आणखी एक. रोजचा कारभारही त्याच मालकाच्या हातात हवा. का, ते वेडटेक कंपनीच्या उदाहरणावरून कळतं. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये जॉन मारिओट्टा या पोर्तो रिकन वंशाच्या माणसाने 1965 मध्ये एक छोटं मशीन शॉप काढलं, अगदी पप्पांच्या गाळ्यासारखं. पुढे फ्रेड न्यूबर्गर हा भागीदार आला आणि निम्मा हिस्सा त्याचा झाला. योजनेत बसावं म्हणून मारिओट्टाचा हिस्सा जास्त दाखवणारे खोटे कागद तयार झाले. लष्कराची कोट्यवधी डॉलरची कामं मिळाली, त्यासाठी लाचही चारली गेली. 1986 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि 1988 मध्ये एका खासदारासकट अनेक जण दोषी ठरले. बदनाम मात्र झाली सगळी योजना, म्हणजे जे खरोखर घाम गाळत होते तेही.

गुरुवारी रात्री पप्पांना फोनवर एवढंच सांगितलं की, भागीदारीच्या कायद्यात फर्मचं कर्ज प्रत्येक भागीदाराच्या घरापर्यंत येतं. सह्या तुमच्या असतील, तर उद्या खोट्या कागदांबद्दल विचारणा झाली की दार आपलं वाजेल. आणि या गाळ्यात तुम्ही मालक आहात, तिथे तुम्ही फक्त दाखला असाल. पलीकडे बराच वेळ शांतता. महिन्याची ठरलेली रक्कम आमच्या घरात छोटी नव्हती, माझी मेसची फी त्यातून निघाली असती. मग म्हणाले, "ठीक आहे. तू आलास की आपलीच नोंदणी करू."

नोंदणी केली. पहिल्या टेंडरला आमचा दर 15 टक्क्यांच्या वर गेला, बाद झालो. पप्पा रागावले नाहीत. आता ते वहीत एका शाफ्टला किती मिनिटं लागतात, टूल बदलायला किती वेळ जातो, हे लिहून ठेवतात. इतकी वर्षं दर अंदाजाने सांगत होते.

परवा कॅन्टीनला चहा पिताना रूममेटला हे सगळं सांगितलं. त्याने कागदावर 4000 चा हिशोब करून बघितला आणि म्हणाला, "म्हणजे मोठ्या कंपनीच्याच भावात काम करायचं? मग फायदा काय झाला?"

मी म्हटलं, "आत बोलावून विचारलं तरी, देतोस का म्हणून."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ती वही पुढच्या वेळी घेऊन ये. एक्सेलमध्ये टाकू." चहाचे पैसेही त्यानेच दिले, ही त्या दिवसाची दुसरी आश्चर्याची गोष्ट!