डिप्रेशनची गोळी बंद केली, आता पुन्हा तसंच वाटतंय?

कोकण रेल्वे महाडजवळच्या वीरला १९९३ मध्येच पोहोचली. जिल्हा रुग्णालय मात्र अलिबागला. तिथे दाखवायला जायचं तर अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे जरा बरं वाटू लागलं की संपलेल्या गोळ्या पुन्हा आणायच्या राहतात. ‘आता ठणठणीत आहेस, कशाला हव्यात गोळ्या?’ असं घरचेही म्हणतात. मग काही दिवसांनी चक्कर, चिडचिड, रात्रभर झोप नाही.

आजार परतला का?

दरवेळी नाही. गोळी अचानक थांबवली की शरीर कुरकुर करतं. मळमळ, चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, असा त्रास बहुधा काही दिवसांतच सुरू होतो आणि अनेकांचा काही आठवड्यांत ओसरतो. काहींचा जास्त लांबतो. पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन सोडताना हे जास्त दिसतं. फ्लुओक्सेटिन शरीरातून सावकाश जातं, म्हणून कमी. आजार परततो तो सहसा हळूहळू, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी: कशातच रस नाही, सगळं निरर्थक वाटतं. दोन्हींतला फरक घरबसल्या नेहमी कळत नाही. त्यामुळे जुन्या पाकिटातली गोळी परस्पर सुरू करू नये. डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने कमी करतात तो याचसाठी.

ब्रिटनमध्ये दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्या आणि बरं वाटत असलेल्या ४७८ जणांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात गोळी सुरू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना, तर हळूहळू बंद करणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांना नैराश्याने पुन्हा गाठलं. म्हणजे गोळी घेऊनही आजार परततो आणि सोडूनही अनेकांचा परतत नाही. यात ‘मनाने खचलास’ म्हणण्यासारखं काही नाही.

गोळीशिवाय काय?

याच रेल्वेमार्गावरच्या गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका केल्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्याचा स्पष्ट फायदा झाला. भर होता तो सुटलेली कामं पुन्हा हाती घेण्यावर. ‘मूड आला की करू’ म्हणून थांबायचं नाही. संध्याकाळी स्टेशनपर्यंत चालत जायचं, सुटलेल्या भजनाला पुन्हा बसायचं. मूड मागून येतो. तीव्र नैराश्यात एवढ्याने भागत नाही, तिथे उपचार लागतातच.

फोन कुणाला?

१४४१६ हा सरकारी ‘टेलि-मानस’चा क्रमांक. सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडल्यास तज्ज्ञांशी जोडून देतात. जीव द्यावासा वाटत असेल तर वाट पाहू नये: त्या व्यक्तीला एकटं न सोडता ११२ वर फोन करावा किंवा थेट जवळचं रुग्णालय गाठावं.

एरवी फोन लावताना गोळ्यांचं रिकामं पाकीट हाताशी ठेवावं. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कधी थांबवली आणि त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला, हे सांगता आलं तर पलीकडच्याला अंदाज लवकर येतो.