मराठी ई-पुस्तकांची फाइल स्वरूपे

मराठी ई-पुस्तकांची फाइल स्वरूपे म्हणजे मराठी पुस्तक संगणक, मोबाइल किंवा ई-वाचक यंत्रावर वाचता यावे यासाठी ते ज्या रचनेत साठवले जाते त्या रचना होत. पीडीएफ, ईपब आणि किंडलची स्वरूपे ही त्यांतील प्रमुख होत. एका यंत्रासाठी घेतलेले पुस्तक दुसऱ्यावर उघडेलच असे नाही. आणि उघडले, तरी त्यातील मराठी शब्द शोधता येतीलच असे नाही.

प्रमुख स्वरूपे

ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणलेले पीडीएफ २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यात पानाची मांडणी छापील पुस्तकाप्रमाणे स्थिर असते. त्यामुळे लहान पडद्यावर पान सरकवत वाचावे लागते. ईपब हे खुले मानक २००७ पासून प्रचलित आहे. त्यातील मजकूर पडद्याच्या रुंदीनुसार आणि वाचकाने निवडलेल्या अक्षरांच्या आकारानुसार नव्याने मांडला जातो. ॲमेझॉनची किंडल यंत्रे मोबी व त्यावरून विकसित झालेली कंपनीची स्वतःची स्वरूपे वापरतात.

यंत्रांशी सुसंगतता

किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ मध्ये उपलब्ध झाली. केबलने यंत्रात उतरवलेली ईपब फाइल किंडल थेट उघडत नाही. मात्र २०२२ पासून ती ‘सेंड टू किंडल’ सेवेने पाठवता येते. कोबो यंत्रे ईपब थेट वाचतात. कॅलिबर या मुक्त प्रणालीने एका स्वरूपाचे दुसऱ्यात रूपांतर करता येते. परंतु डिजिटल कुलूप असलेल्या पुस्तकांना ही सोय लागू होत नाही.

युनिकोडपूर्व मजकूर

युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या फॉन्टमध्ये होत असे. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. अशा पुस्तकाच्या पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत असल्याने पान शुद्ध दिसते. तथापि त्यात ‘औंढा नागनाथ’ हे नाव शोधल्यास, ते समोरच्या पानावर असूनही सापडत नाही. मजकूर उतरवून घेतल्यास निरर्थक चिन्हे मिळतात, आणि दृष्टिबाधितांसाठीची वाचक प्रणालीही तीच चिन्हे उच्चारते. ईपब तयार करण्यापूर्वी हा मजकूर युनिकोडमध्ये आणून त्याचे मुद्रितशोधन करावे लागते. जुन्या पुस्तकांची पाने केवळ छायाचित्ररूपात असल्यास त्यांतील अक्षरे आधी प्रकाशीय अक्षरओळख तंत्राने ओळखून घ्यावी लागतात.

मराठी विकिस्रोतावरील ग्रंथांचा मजकूर युनिकोडमध्ये असल्याने तेथून एकच ग्रंथ ईपब आणि पीडीएफ अशा दोन्ही स्वरूपांत उतरवून घेता येतो. फाइल स्वरूपे कालांतराने बदलतात. मूळ मजकूर युनिकोडमध्ये जतन केलेला असल्यास पुस्तक नव्या स्वरूपात पुन्हा सिद्ध करता येते.