लाइट गेल्यावरची वायर

गटाच्या कामासाठी इन्व्हर्टर घेतला की दोन तक्रारी हमखास येतात. बॅटरीची वायर तापते, आणि मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. आज या दोन्हींबद्दल बोलू.

पॅकिंगच्या खोलीतले पंखे, दिवे, मिक्सर आणि पिशव्या सील करायचं मशीन मिळून १००० वॅट धरा. घरच्या २३० व्होल्टने भागलं तर साडेचार अँपिअरसुद्धा होत नाहीत. पण १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून मिळतात २४ व्होल्ट. तेवढ्याच कामाला तिथे ४२ अँपिअर लागतात, इन्व्हर्टरमधली घट धरली तर ५०. नळाला दाब कमी असला की तेवढंच पाणी यायला पाइप जाड लागतो ना, तसंच हे.

आता कुणी पैसे वाचवायला बॅटरीला ४ चौरस मिलिमीटरची वायर लावली आणि बॅटरी ४ मीटर लांब ठेवली. जाऊन-येऊन ८ मीटर झाले. त्यात पावणेदोन व्होल्ट वाटेतच जिरतात आणि ८५ वॅटची उष्णता होते. म्हणजे वायरच शेगडी झाली! तिथे १६ चौरसची तांब्याची वायर घ्या, बॅटरी जवळ ठेवा, आणि बॅटरीलगतच ६३ अँपिअरचा ब्रेकर बसवा. त्यावर 'डीसी' लिहिलेलं बघून घ्या. बॅटरीच्या करंटची ठिणगी साध्या ब्रेकरमध्ये सहज विझत नाही.

एमसीबी असतो वायर वाचवायला. दीड चौरसच्या वायरला १० अँपिअरचा, अडीचला १६ चा. 'सारखा पडतो' म्हणून ३२ चा बसवून दिला, तर एमसीबी पडायच्या आधी वायर जळते. हे फार ठिकाणी होतं.

आता झिणझिण्या. मशीनच्या पत्र्याला फेज लागली, तर करंट अर्थिंगच्या खड्ड्यातून, मातीतून डीपीच्या अर्थिंगपर्यंत जातो. आपला खड्डा १० ओहम, डीपीचा १० ओहम धरा. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ चा एमसीबी यावर पडतच नाही, आणि पत्र्यावर शंभरावर व्होल्ट तसेच राहतात. उन्हाळ्यात खड्डा वाळला की आणखी वाईट. म्हणून खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा, तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापू देऊ नका, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावून घ्या. इतका थोडा करंट गळला तरी तो लाइन तोडतो. इन्व्हर्टरच्या पुढच्या लाइनलाही तो हवा, वायरमनला तसं स्पष्ट सांगा.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा, गटाच्या बैठकीच्या दिवशी, लाइट असताना ते दाबा. खटकन पडला तर ठीक. नाही पडला, तर त्या दिवशी मशीन चालू करू नका.