स्कुबा डायव्हिंग शिकायचंय? फी भरण्याआधी छाती आणि कान तपासा

"डॉक्टर, मुलगा मालवणला स्कुबा शिकायला जातोय. चालेल ना?" धसईकडून आलेले एक वडील विचारत होते. मुलगा बावीस वर्षांचा, विहिरीत पोहून तयार झालेला. कोर्सची आगाऊ रक्कम भरून झाली होती. बोलता बोलता कळलं, की शाळेत असताना त्याने सहा महिने टीबीची औषधं घेतली होती.

आधी खर्चाचं बघू. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना एकदा पाण्याखाली फिरवून आणतात, ते म्हणजे शिकणं नव्हे. शिकायचं तर 'ओपन वॉटर' हा पहिला कोर्स करावा लागतो. तो तीन-चार दिवसांचा असतो आणि नंतर जोडीदारासोबत 18 मीटरपर्यंत जाता येतं. फी साधारण 25 ते 35 हजार रुपये, केंद्रानुसार कमी-जास्त. तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्रही आहे. प्रवास आणि राहणं-जेवण वेगळं धरा. पावसाळ्यात समुद्र बंद असतो.

सिलिंडर, रेग्युलेटर आणि हवेचं जॅकेट बहुधा कोर्सच्या फीतच मिळतं. रेग्युलेटर, जॅकेट आणि डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःचे घ्यायचे तर लाखाच्या घरात जातं, शिवाय रेग्युलेटरची नियमित सर्व्हिसिंग आलीच. वर्षातून एकदा जाणाऱ्याने भाड्याने घ्यावं. स्वतःचा घ्यायचाच तर मास्क घ्या, तोही चेहऱ्याला लावून बघून. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा मास्क मिळतो.

आता तपासणी. दर 10 मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. 10 मीटरवर भरून घेतलेला श्वास रोखून वर आलात, तर ती हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. फुप्फुस तेवढं ताणत नाही, फाटतं. विहिरीत सूर मारणाऱ्यांना श्वास रोखायची सवय असते. तिथे ते चालतं, कारण हवा वरूनच भरून नेलेली असते. खाली ती आकसते आणि वर येताना मूळ आकाराला येते. स्कुबात मात्र दाबाखालची हवा आत घेतलेली असते, म्हणून श्वास कधीच रोखायचा नाही. आपल्याकडच्या चांगल्या पोहणाऱ्यांना हेच मुद्दाम विसरावं लागतं.

टीबी बरा झाला तरी फुप्फुसात पोकळी किंवा व्रण राहू शकतो. त्यात हवा अडकली, तर श्वास न रोखताही धोका असतो. दमा, फिट्स, पूर्वी छातीत हवा भरणं, हृदयविकार, कानाच्या पडद्याला छिद्र यांपैकी काही असेल तरी आधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात डायव्हिंग करूच नये. सर्दी असेल त्या दिवशीही पाण्यात उतरू नका. कान मोकळे होत नाहीत आणि पहिल्या काही मीटरमध्येच पडद्याला इजा होते.

केंद्रावर आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. त्यात काही प्रश्नांना 'हो' लिहिलं, की डॉक्टरांची सही लागते. पैसे भरलेले असले की 'नाही' लिहायचा मोह होतो, तो टाळा. छातीचा एक्स-रे आणि कानाची तपासणी कोर्सच्या फीपुढे काहीच नाही. एक्स-रे मुरबाडला किंवा शहापूरला काढता येतो. आरोग्य विम्यात साहसी खेळ धरलेत का, तेही विचारून घ्या. अनेक पॉलिसींमध्ये ते वगळलेले असतात.

शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसू नका. उंच घाट चढून जायचं असेल तर प्रशिक्षकाला आधी विचारा. नंतर सांधे दुखले, मुंग्या आल्या, चक्कर आली किंवा धाप लागली, तर झोपून बघू म्हणू नका. लगेच रुग्णालय गाठा आणि डाइव्ह केल्याचं सांगा, नाहीतर ते कुणाच्या लक्षात येणार नाही.

त्या मुलाच्या एक्स-रेमध्ये उजवीकडे वरच्या भागात जुना व्रण दिसला. त्याला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं आहे, सीटी स्कॅन व्हायचा आहे. कोर्सची तारीख पुढे ढकलून मिळाली.