दहावीचे बीजगणित: वर्ष कसे आखावे

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताचे दोन भाग आहेत. भाग १ बीजगणिताचा, भाग २ भूमितीचा. प्रत्येकाची लेखी परीक्षा ४० गुणांची आणि दोन तासांची, शिवाय २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. २०१८ साली आलेल्या पाठ्यपुस्तकात बीजगणिताची सहा प्रकरणे आहेत: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. वार्षिक नियोजनाच्या वहीत उपलब्ध तासिकांना सहाने भागून मोकळे होता येते, आणि बऱ्याच शाळांत तसेच होते. पण ही सहा प्रकरणे सारख्या वजनाची नाहीत. पहिल्या तिन्हींचा भार आठवी-नववीत शिकलेल्या गोष्टींवर आहे, तर शेवटची तीन बरीचशी स्वतंत्र आहेत. म्हणून पाने मोजण्याआधी कोणता घटक कशावर उभा आहे हे पाहावे आणि वेळ तिथे द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

हातात किती तासिका असतात?

शाळा जूनच्या मध्यात सुरू होते, विदर्भात त्यानंतर. कागदावर मार्चपर्यंतचा काळ दिसतो, पण तो शिकवण्याचा काळ नव्हे. २०२४ मध्ये दहावीची लेखी परीक्षा १ मार्चला सुरू झाली होती, २०२५ मध्ये ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. जानेवारी पूर्वपरीक्षेत जातो. म्हणजे अभ्यासक्रम डिसेंबरअखेर संपायला हवा.

जूनच्या मध्यापासून डिसेंबरअखेर साधारण २८ आठवडे भरतात. त्यांतून गणपती, घटक चाचण्या, प्रथम सत्र परीक्षा, दिवाळीची सुट्टी, क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलन वजा केले की २२ आठवडे उरतात. आठवड्याला बीजगणिताच्या तीन तासिका धरल्या तर ६६ होतात. त्यांतल्या ६० वाटाव्यात आणि सहा कोणालाच न देता राखून ठेवाव्यात. माझी वाटणी अशी: उजळणी ५, रेषीय समीकरणे १२, वर्गसमीकरणे १५, श्रेढी ९, अर्थनियोजन ६, संभाव्यता ६, सांख्यिकी ७. शाळेप्रमाणे एखाददुसरी तासिका इकडची तिकडे होईल. वर्गसमीकरणांच्या पंधरांना मात्र हात लावू नये.

पहिले पाच तास मागचे

दहावीचे पुस्तक पहिल्या दिवशी उघडण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी दहा छोट्या प्रश्नांची चाचणी घ्यावी, गुण न देता. त्यात −३ − (−७) असावे, (क्ष + ४)² चा विस्तार असावा, क्ष² − ५क्ष + ६ चे अवयव असावेत, √७२ चे सोपे रूप असावे आणि ३(क्ष − २) = १२ सारखे एकचल समीकरण असावे. (क्ष + ४)² म्हणजे क्ष² + १६ असे लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात निघतात, हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांतही.

उत्तरपत्रिका तपासताना एकूण गुण मांडू नयेत. कोणता प्रश्न किती जणांचा चुकला ते मांडावे. विस्तार अर्ध्या वर्गाचा चुकला असेल तर पाचांपैकी दोन तास तिथे जातील. करणी तिघांचीच चुकली असेल तर त्या तिघांना मधल्या सुट्टीत बोलवावे, सगळ्या वर्गाला पुन्हा तेच ऐकवू नये. अवयवांची उजळणी मात्र चाचणी काहीही सांगो, घ्यावीच. आठवीत शिकलेले अवयव दहावीत आपोआप आठवतील असे गृहीत धरले, की पुढचे वेळापत्रक ऑगस्टमध्येच कोलमडते.

एकसामयिक समीकरणे: रीत निवडायला शिकवा

नववीत मुलांनी दोन चलांतली समीकरणे सोडवलेली असतात. दहावीत आलेख आणि क्रेमरची पद्धत नव्याने येते. क्रेमरची पद्धत मुलांना आवडते, कारण तीत निश्चयक मांडायचे आणि सूत्रात घालायचे एवढेच असते. चूक होते ती त्याच्या आधीच्या पायरीवर.

३क्ष + २य = १२ आणि य = क्ष + १ ही जोडी फळ्यावर द्या. काही मुले दुसऱ्या समीकरणातले सहगुणक आहेत त्याच क्रमाने उचलतील. ते आधी −क्ष + य = १ असे लिहायला हवे. मग मुख्य निश्चयक ३ × १ − २ × (−१) = ५, क्षचा १२ × १ − २ × १ = १०, आणि यचा ३ × १ − १२ × (−१) = १५. म्हणून क्ष = २, य = ३. हे झाल्यावर विचारा, की दुसऱ्या समीकरणातली यची किंमत पहिल्यात घातली असती तर किती ओळी लागल्या असत्या? तीन. परीक्षेत रीत सांगितलेली असेल तर तीच वापरायची, नसेल तर समीकरणांचे रूप पाहून निवडायची. ही निवड करण्याचा सराव बहुतेक नियोजनांत कुठेच नसतो. त्यासाठी एक पूर्ण तास ठेवावा: दहा जोड्या द्याव्यात आणि प्रत्येकीपुढे फक्त रीतीचे नाव लिहायला सांगावे.

आलेख आणि निश्चयक हे दोन घटक वेगवेगळ्या आठवड्यांत शिकवले जातात आणि मुलांच्या मनात वेगळेच राहतात. मुख्य निश्चयक शून्य आला, की त्याच जोडीचा आलेख त्याच तासाला काढून घ्यावा. रेषा समांतर तरी येतील किंवा एकमेकींवर तरी बसतील. सूत्रात शून्याने भागता येत नाही, म्हणजे कागदावर काय होते ते मुलाला तिथे डोळ्यांनी दिसते.

वर्गसमीकरणांना सर्वांत जास्त वेळ

हे प्रकरण वर्षाचा कणा आहे. श्रेढीतली अवघड उदाहरणे शेवटी इथेच येऊन पोहोचतात, आणि अकरावीला विज्ञान घेणाऱ्या मुलाला भौतिकशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणांपासून याची गरज पडते. पंधरा तासांपैकी चार अवयव पद्धतीला, तीन पूर्ण वर्गाला, तीन सूत्र आणि मुळांच्या स्वरूपाला, दोन मुळे आणि सहगुणक यांच्या संबंधाला आणि तीन शाब्दिक उदाहरणांना द्यावेत.

पूर्ण वर्ग पद्धत मुलांना नकोशी होते ती अपूर्णांकांमुळे. २क्ष² + ५क्ष − ३ = ० ला दोनने भागले, की ५/२ येतो, त्याच्या निम्मा ५/४, त्याचा वर्ग २५/१६, आणि इथपर्यंत अर्धा वर्ग गळतो. पाठ्यपुस्तकाची रीत शिकवल्यावर श्रीधराचार्यांची रीत जोडीला अवश्य दाखवावी. भागायच्या ऐवजी दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने, म्हणजे इथे ८ ने गुणायचे: १६क्ष² + ४०क्ष = २४. दोन्ही बाजूंत मधल्या सहगुणकाचा वर्ग, २५, मिळवायचा: (४क्ष + ५)² = ४९. म्हणून ४क्ष + ५ = ±७, आणि क्ष = १/२ किंवा −३. एकही अपूर्णांक मध्ये आला नाही.

हीच रीत अक्ष² + बक्ष + क = ० ला लावली तर (२अक्ष + ब)² = ब² − ४अक असे मिळते. सूत्र आणखी दोन ओळींवर राहते, आणि विवेचक कुठून आला हे वेगळे सांगावे लागत नाही. डावीकडे वर्ग आहे. वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो, म्हणून विवेचक ऋण असेल तर वास्तव मुळे नाहीत. मुळांच्या स्वरूपाचा तक्ता पाठ करणारी मुले दिवाळीनंतर तो विसरतात. ही ओळ स्वतः मांडलेले मूल तक्ता पुन्हा तयार करू शकते.

श्रीधराचार्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांची ही रीत भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात उद्धृत केली म्हणून आपल्यापर्यंत आली. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. खानदेशातल्या शाळेत तर ही गोष्ट वर्गात सांगितल्यावाचून पुढे जाऊच नये.

शाब्दिक उदाहरणांच्या तीन तासांपैकी पहिल्यात एकही समीकरण सोडवू नये, फक्त मांडावे. एक उदाहरण घ्या: २४० किलोमीटरच्या प्रवासात गाडीचा वेग ताशी २० किलोमीटरने वाढवला असता तर एक तास कमी लागला असता, तर मूळ वेग किती? अंतर, वेग आणि वेळ असे तीन रकाने आखून घ्यावेत, दोन ओळी भराव्यात. वेळेच्या रकान्यात २४०/क्ष आणि २४०/(क्ष + २०) आले, की मुले अडतात, कशातून काय वजा करायचे? जास्त वेळ कोणत्या गाडीला लागेल, एवढेच विचारावे. उत्तर मुलाच्या तोंडून येऊ द्यावे. पुढे क्ष² + २०क्ष = ४८००, आणि वेग ताशी ६० किलोमीटर, हे काम दुसऱ्या तासाचे.

श्रेढी वर्गसमीकरणांनंतरच

काही शिक्षक श्रेढी सोपी म्हणून आधी घेतात. सामान्य फरक आणि ठरावीक क्रमाचे पद शोधणे सोपे आहे हे खरे. पण ३, ५, ७, ९… या श्रेढीतली किती पदे मिळवली तर बेरीज १२० होईल, असा प्रश्न आला की क्ष² + २क्ष − १२० = ० समोर उभे राहते. त्याची मुळे १० आणि −१२. पदांची संख्या ऋण असू शकत नाही, म्हणून −१२ सोडायचे आणि ते का सोडले हे लिहायचे. हे कारण एका ओळीत लिहिण्याची सवय इथेच लावावी.

अर्थनियोजन: दुकानाचे खरे बिल आणा

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ ला लागू झाला, आणि पुस्तकात त्या वेळचे ५, १२, १८ आणि २८ टक्क्यांचे दर आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांची रचना बदलली, आणि मुख्य दर ५ आणि १८ टक्के झाले. पुस्तकातली उदाहरणे पुस्तकातल्या दरांनीच सोडवावीत, पण मुलांनी घरून आणलेल्या बिलांवर नवे दर दिसतील तेव्हा फरक समजावून सांगावा. बिलातला केंद्राचा कर आणि राज्याचा कर निम्मा-निम्मा असतो, हे मुले स्वतः शोधतात.

दोन चुकांवर नेमका घाव घालावा. १८ टक्के करासह किंमत ११८० रुपये असेल तर मुले ११८० चेच १८ टक्के काढून वजा करतात. करपात्र किंमत १००० रुपये आहे. दुसरी चूक शेअर्सची: लाभांश दर्शनी किमतीवर काढायचा असतो, मुले तो बाजारभावावर काढतात.

संभाव्यता आणि सांख्यिकी

संभाव्यतेच्या पहिल्या तासाला पत्त्यांचा जोड घेऊन जावे. बदाम, चौकट, किलवर, इस्पिक ही नावेच माहीत नाहीत, अशी मुले आता खूप असतात. त्यांना ५२ पत्त्यांतले चित्रांचे पत्ते किती हा प्रश्न गणिताचा वाटतच नाही, सामान्यज्ञानाचा वाटतो. पत्ते हातात मांडून पाहिल्यावर १२ हे उत्तर कोणाला सांगावे लागत नाही. दोन फाशांचा ३६ घटकांचा नमुना अवकाश प्रत्येकाने एकदा पूर्ण लिहावा, कंटाळा आला तरी.

सांख्यिकीत सूत्रे पाठ असतात, वर्ग सलग करणे राहून जाते. १०–१९, २०–२९ असे वर्ग दिले असतील तर मध्यक आणि बहुलक काढण्यापूर्वी ते ९.५–१९.५, १९.५–२९.५ असे करावे लागतात. बाकीचे प्रकरण सरावाचे आहे, ते दिवाळीनंतर जलद होते.

प्रश्नपत्रिका आणि राखलेल्या तासिका

४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत एका गुणाचे आठ प्रश्न, दोन-तीन गुणांच्या चौकटी भरायच्या कृती आणि उदाहरणे, मग चार गुणांची दोन उदाहरणे आणि शेवटी तीन गुणांचे एक, अशी रचना असते. चौकटी भरणे सोपे दिसते, पण तिथे दुसऱ्याने मांडलेली रीत वाचावी लागते. आपल्याच रीतीने सोडवायची सवय असलेले मूल तिथे गोंधळते. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक पूर्ण सोडवलेले उदाहरण द्यावे, त्यातल्या चार जागा पुसून.

राखलेल्या सहा तासिकांपैकी दोन-तीन पावसात आणि अचानक आलेल्या सुट्ट्यांत जातातच. उरलेल्या पूर्वपरीक्षेनंतर वापराव्यात. जूनची ती दहा प्रश्नांची चाचणी पुन्हा काढावी, पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका शेजारी ठेवाव्यात आणि चिन्हांची, विस्ताराची, अवयवांची चूक अजून कोणाकडून होते आहे ते नावानिशी लिहून काढावे. फेब्रुवारीत नवे काही शिकवू नये. त्या मुलांना चार-चारच्या गटात बसवून त्यांच्याच चुकलेल्या ओळी त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्याव्यात.