ऐकवलेलं आणि कानावर पडलेलं

मागच्या खेपेला आपण नैयायिकांची स्मृतीची व्याख्या पाहिली. आज ती एका अगदी घरगुती गोष्टीला लावून बघायची आहे. लहानपणी आई-वडिलांमुळे जे संगीत आपल्यापर्यंत आलं, त्याची आठवण म्हणजे नेमकं काय? हा विषय निघाला की साठी-सत्तरीची माणसं हळवी होतात, आणि हळवं झालं की विचार थांबतो. म्हणून जरा कोरडेपणानेच सुरुवात करू.

मराठीत ‘ऐकवणं’ वेगळं आणि ‘कानावर पडणं’ वेगळं. वडिलांनी समोर बसवून ‘हा मालकंस, नीट ऐक’ असं सांगितलं, तर ते ऐकवणं झालं. काही घरांत ते झालंही. पण लोकांना विचारून पाहा. खोल बसलेलं असतं ते बहुधा कानावर पडलेलं. आई भाजी निवडताना स्वतःशीच गुणगुणत होती, वडील दाढी करताना नाट्यपदाचा एकच तुकडा घोळवत होते. मूल तिथे होतं, इतकंच. गाणं काही त्याच्यासाठी चाललेलं नव्हतं.

याचं सगळ्यात जुनं उदाहरण म्हणजे जात्यावरची ओवी. पहाटे दळायला बसलेली बाई कोणाशी बोलते? जात्याला देव म्हणते, विठोबाला हाक मारते, भावाची वाट पाहते, सासरचं गाऱ्हाणं सांगते. लेकरावरही ओव्या आहेत, भरपूर आहेत. पण मांडीवर डोकं ठेवून झोपलेलं लेकरू हे काही त्या गाण्याचं श्रोतृवृंद नव्हे. ते अर्धवट झोपेत ऐकतं, आणि त्याला न कळताच त्याच्या कानात शिरतं की या बाईला आपल्याखेरीजही एक आयुष्य आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हे काम आपल्याकडच्या तत्त्वज्ञानाच्या विभागांनी वाचायला हवं होतं. आम्ही मंडळी कांटमध्येच गुंतलो होतो. असो. गावात पिठाची गिरण आली आणि बायकांचे खांदे सुटले, त्याबद्दल कोणी हळहळू नये. पण ओवी जात्याच्या फिरण्याला बांधलेली होती. जातं थांबलं तशी तीही घरातून निघाली.

शहरात जात्याची जागा रेडिओने घेतली असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. जात्याचा खुंटा बाईच्या हातात होता, रेडिओचं बटण बहुतेक घरांत वडिलांच्या. आणि वडिलांच्याही वर सरकार होतं! 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीत त्यांना हलकं वाटे. आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपार झालं आणि शास्त्रीय संगीताला मोठी जागा मिळाली. म्हणजे केसकरांना अख्ख्या देशाला संगीत ‘ऐकवायचं’ होतं. लोकांनी काय केलं? काटा सिलोनकडे वळवला. बिनाका गीतमाला त्याच साली सुरू झाली. अखेर 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती आली आणि सिनेगीतं सरकारी वाटेनेच घरी परतली. केसकरांची आपण नेहमी थट्टा करतो. तरी हेही म्हटलं पाहिजे, की ज्या घरांत कोणी कधी तंबोरा पाहिला नव्हता तिथल्या मुलांच्या कानावर ख्याल पडला, तो या हट्टामुळेच.

आता स्मृतीकडे येऊ. 1 एप्रिल 1955, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. शब्द माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, वर्षभरात 56 गीतं. त्या काळात मूल असलेल्या कोणालाही विचारा. तो सांगेल, आई-बाबा रेडिओपाशी हात जोडून बसायचे, आणि फडक्यांचा आवाज अजून कानात आहे. गंमत अशी, की त्या मूळ प्रसारणात सगळी गीतं फडक्यांनी गायलेली नव्हती. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, ललिता फडके होत्या. सगळी गीतं एकट्या फडक्यांच्या आवाजात लोकांनी ऐकली ती पुढे, कार्यक्रमांतून आणि तबकड्यांवरून. म्हणजे 1955 च्या खोलीत नंतरचा आवाज जाऊन बसला. सांगणारा खोटं बोलत नाही. त्याच्या संस्कारांवर नवे संस्कार चढले आहेत. नैयायिक स्मृतीला प्रमाण मानायला का तयार नव्हते, ते इथे कळतं.

आणखी एक. आपण सहज म्हणतो, ‘आपल्या लहानपणी रेडिओवर...’ मराठीत ‘आपण’ म्हणजे ऐकणाराही धरून, ‘आम्ही’ म्हणजे त्याला वगळून. रेडिओ विकत घ्यावा लागे, वर परवानाही काढावा लागे. बऱ्याच घरांत वीजच नव्हती. तेव्हा हे ‘आपल्या’ पुष्कळदा ‘आमच्या’ असतं. अर्थात कानावर पडायला शेजारचा रेडिओही पुरतो, कोपऱ्यावरच्या हॉटेलातलाही पुरतो.

सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांनी तर्कसंग्रहात स्मृतीची व्याख्या करताना एक छोटा शब्द घातला आहे, ‘मात्र’. केवळ संस्कारातून निर्माण होणारं ज्ञान ती स्मृती. हे ‘केवळ’ कशासाठी? प्रत्यभिज्ञा वगळण्यासाठी. काल पाहिलेला देवदत्त आज समोर आला आणि आपण म्हणालो ‘अरे, हा तोच’, तर तिथे संस्कार आहेच, पण समोरचा माणूसही डोळ्यांना दिसतो आहे. ही नुसती आठवण नाही, ही ओळख आहे. आई-वडिलांचं गाणं आपल्याकडे बहुधा असंच येतं. बसून आठवू म्हटलं तर चाल हाताला लागत नाही. रिक्षात कुठूनतरी ते गाणं कानावर येतं आणि आपण दचकतो, ‘हे तर आईचं!’

पण ‘तेच’ म्हणजे काय? मीमांसक म्हणतील, वर्ण नित्य आहे, उच्चार त्याला फक्त प्रकट करतो, म्हणूनच तर पुन्हा ऐकल्यावर ‘तोच हा’ असं वाटतं. नैयायिक म्हणतात, शब्द निर्माण होतो आणि नष्ट होतो. ‘तोच’ वाटतो तो सारख्या जातीमुळे. त्यांचं उदाहरण फार छान आहे. आपण म्हणतो, ‘मी तेच औषध घेतलं.’ पण पहिली मात्रा तर पोटात जाऊन संपली. ही दुसरी, त्याच जातीची.

ज्याची आई गेली आहे त्याला मीमांसकांचं म्हणणं पटावंसं वाटेल, हे उघड आहे. आम्ही तरीही नैयायिकांच्या बाजूचे आहोत, आणि कारण साधं आहे. रिक्षातलं गाणं पुढे सरकतं, दुसरा अंतरा लागतो, आणि तो आपल्याला येतच नाही. आईला तो पाठ नसेल, किंवा तेवढ्यात दूध उतू जात असेल. आईचं गाणं धृपद आणि एक अंतरा एवढंच होतं, तिच्या पट्टीत, मध्येच तुटणारं. ते संपलं. हे दुसरं.

एक प्रश्न मात्र सुटत नाही. विस्मरणाचा आजार जडलेली माणसं आता बऱ्याच घरांत आहेत. मुलाचं नाव सांगता येत नाही, पण जुनं गाणं लागलं की पुढचे शब्द बिनचूक येतात. डॉक्टरांनाही हे चांगलं ठाऊक आहे. मुलांना याचा त्रास होतो. मला ओळखत नाही आणि गाणं ओळखते! त्यांचा त्रास खरा आहे. पण तेव्हा तरी ती कोणासाठी गात होती? भाजी निवडताना ती स्वतःशीच गात होती, मुलगा नुसता तिथे होता. आजही तो खाटेशेजारी तसाच बसलेला असतो. आता तिला जे होतं त्याला स्मृती म्हणायचं की प्रत्यभिज्ञा? गाणं कानावर पडतं आहे, म्हणजे प्रत्यक्ष आहे. संस्कारही जागा झाला आहे. पण ‘हे तेच’ असं ती म्हणत नाही, सरळ गायला लागते. अन्नंभट्टांच्या कोणत्या खान्यात हे बसवायचं, ते पुढच्या वेळी संस्काराचे तीन प्रकार घेऊ तेव्हा पाहू.