स्विचयुक्त फिल्टरांची रेषीयता : सदृशीकरणातील एक नामदोष

‘रेषीयता’ ही संज्ञा भाषाशास्त्रात एका अर्थाने व विद्युत्‌शास्त्रात दुसऱ्या अर्थाने रूढ आहे. ध्वनिचिन्हे काळाच्या एकाच रेषेवर एकामागून एक येतात, ही सोस्यूरने सांगितलेली रेषीयता. विद्युत् मंडलाची रेषीयता म्हणजे दिलेला संकेत दुप्पट केला असता मिळणारा संकेतही नेमका दुप्पट होणे, व दोन संकेत एकत्र दिले असता तिसरा न उपजणे. प्रस्तुत लेखात हा दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. तथापि त्याच्या मुळाशी नामकरणाचा एक प्रश्न आहे.

रेडिओ ग्राहकात अनेक फिल्टरांपैकी इष्ट तो निवडण्यासाठी मॉसफेटचे स्विच योजतात. चालू स्विचचा रोध संकेताबरोबर किंचित बदलतो. त्यामुळे १०० व १०१ मेगाहर्ट्‌झचे दोन संकेत दिले असता ९९ व १०२ मेगाहर्ट्‌झवर नवे उपज निर्माण होतात. ते मूळ संकेतांच्या इतके निकट असतात की फिल्टर त्यांना अडवू शकत नाही. हे उपज तृतीय घाताचे असल्याने लहान संकेतांच्या बाबतीत दोन्ही संकेत १ डेसिबेलने वाढविले की ते ३ डेसिबेलने वाढले पाहिजेत.

मंडल प्रत्यक्ष घडविण्यापूर्वी हे उपज संगणकावरील सदृशीकरणाने अजमावितात. येथे पहिली अडचण गणिताच्या अचूकतेची. बर्कली येथे तयार होऊन १९७३ साली जाहीर झालेल्या ‘स्पाइस’ पद्धतीत सापेक्ष त्रुटीची रूढ मर्यादा ०.००१ असते, म्हणजे साधारणतः मूळ संकेताच्या ६० डेसिबेल खाली. शोधावयाचा उपज पुष्कळदा याहूनही क्षीण असतो. तेव्हा ही मर्यादा कडक करणे अवश्य ठरते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. मॉसफेटची दोन टोके ‘सोर्स’ व ‘ड्रेन’ या नावांनी ओळखली जातात. परंतु सममित घडणीच्या मॉसफेटमध्ये हा भेद वस्तूत नसून विद्युत् दाबाच्या दिशेत असतो. स्विचमधून प्रवाह दोन्ही दिशांनी वाहतो, म्हणून प्रत्येक आवर्तनात ही नावे परस्परांत बदलतात. बीसिम३ व बीसिम४ (२०००) यांसारखी प्रतिमाने सोर्सला आधारभूत मानून रचलेली असल्याने, दाब शून्यातून जाताना नावांची अदलाबदल होते व तेथे प्रवाहाचा द्वितीय अवकलज खंडित होतो. जणू समीकरणात दाब व त्याचे निरपेक्ष मूल्य यांच्या गुणाकाराचे एक पद शिरते. हे पद विषम असल्याने त्याचे उपज नेमके ९९ व १०२ मेगाहर्ट्‌झवरच पडतात, पण वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ३ ऐवजी २ डेसिबेलने, वाढतात. लहान संकेतांच्या बाबतीत खऱ्या उपजाला हे मिथ्या उपज झाकून टाकतात. त्यावर विसंबणारा अभिकल्पक रोध घटविण्यासाठी स्विच निष्कारण मोठे करतो. आणि मोठ्या स्विचची धारिता, तो बंद असतानाही, इतर फिल्टरांना बाधते.

यावर गमेल यांची सममिती-कसोटी उपयुक्त आहे. दोन टोकांना समान व विरुद्ध दाब देऊन तो शून्यापलीकडे नेला असता प्रवाहाचे अवकलज अखंड राहिले पाहिजेत. पीएसपी व बीसिम६ (२०१३) ही प्रतिमाने ही सममिती राखूनच रचलेली आहेत.

तात्पर्य, रेषीयतेचा अंक नोंदविण्यापूर्वी संकेत १-१ डेसिबेलने वाढवून उपजाचा चढ ३ येतो की २, हे विद्यार्थ्याने अवश्य पाहावे. तो २ आल्यास दोष मंडलाला देण्याआधी प्रतिमान तपासावे. सोयीसाठी दिलेले नाव तेथे वस्तुधर्म मानले गेले असण्याचा संभव आहे.